भिंतीवरची आमटी

आमच्या घरात नैवेद्य दाखवायच्या आधी स्वयंपाक चाखायचा नाही, असा दंडक होता. त्यामुळं आमटीत मीठ बरोबर पडलं की नाही, हे सगळ्यात आधी कळायचं ते अण्णांना, आणि त्यांना कळलं की लगेच आम्हाला, शेजाऱ्यांना आणि बहुतेक सगळ्या गल्लीला. पितळी ताट शहाबादी फरशीवर पडलं की आधी एक मोठा दणका होतो, आणि मग ते आपल्या कडेवर गरगरत राहतं, हळू हळू खाली बसत जातं. ते गरगरणं पुरतं थांबेपर्यंत आमच्या घरात कुणी हलत नसे. थांबलं की आई फडकं घेऊन यायची, भाकरीचे तुकडे गोळा करायची, फरशी पुसायची, दुसरं ताट वाढून आणायची. अण्णा ते ताट निमूट जेवायचे. भिंतीपलीकडं रशीदाखालाचं घर होतं. तिच्या शिवणयंत्राचा आवाज दणका झाला की बंद पडायचा आणि आई पुसून उठली की पुन्हा सुरू व्हायचा. पलीकडून तिला सगळं कसं कळायचं कोण जाणे.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते वाईट माणूस होते असं कुणाला वाटायला नको, म्हणून हेही आत्ताच सांगून टाकते. कोर्टात ते कारकून होते, जुन्या भाषेत अहलमद. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, पुढं कचेरीची भाषाही बदलली, आणि ज्या माणसाच्या उर्दू अक्षराला वकील लोक दाद द्यायचे, तो माणूस वयाच्या चाळिशीत आमच्या पाटीवर मराठीची जोडाक्षरं गिरवत बसू लागला. पगाराच्या दिवशी ते इमरती आणायचे, कागदाच्या पुड्याला तूप सुटलेलं असायचं, आणि स्वतःच्या वाटची निम्मी आमच्या हातावर ठेवायचे. मला ताप आला तर रात्र रात्र डोक्यावर हात ठेवून बसायचे. बाहेर त्यांचा आवाज कधी चढला नाही. पक्षकारांशी, पानवाल्याशी, टांगेवाल्याशी ते 'आप' आणि 'जनाब' करून बोलायचे. घरात मात्र त्यांचा एक लाडका शब्द होता, तमीज. आम्हाला तमीज यावी म्हणून खुंटीला वेताची छडी होती, आम्हाला तमीज यावी म्हणून उन्हात अंगणात उभं राहावं लागे, आणि आईला स्वयंपाकाची तमीज यावी म्हणून ताट फेकलं जाई. ते राग आला म्हणून फेकतात असं आम्हाला वाटायचं. त्यांना मात्र मनापासून वाटायचं की आपण शिकवतोय.

मी उभी हयात मुलींच्या शाळेत शिकवण्यात घालवली. पालक यायचे, पोरीला पुढं ढकलायचे आणि म्हणायचे, बाई, खुशाल मारा, पण हिला माणसात आणा. मी त्यांना बसायला सांगायची, चहा मागवायची आणि मारणार नाही म्हणून स्पष्ट सांगायची. माझं या बाबतीतलं मत कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. ते गुलमंडीच्या बाजारामागच्या गल्लीतल्या आमच्या भाड्याच्या घरात, एका भिंतीसमोर बसून बनलेलं आहे. अण्णांच्या शिस्तीतून माझी थोरली बहीण शालूताई आणि मी काय शिकलो, तर त्यांच्या चपलांच्या आवाजावरून त्यांचा त्या दिवशीचा मिजाज ओळखायला. टाचा घासत आले तर ठीक, ठक ठक आले तर पुस्तक उघडून बसायचं. यात आम्ही दोघी पारंगत होतो. तमीज आली ती आईकडं बघून, आणि आई तर आम्हाला कधी मोठ्यानं बोललीसुद्धा नाही.

त्या वर्षी उन्हाळा उतरताना करमाडहून आत्या आली. अण्णांची थोरली बहीण. अण्णा तिला आक्का म्हणायचे. तिच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता, आणि सरकारी दवाखान्यातून सुटल्यावर डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ती आमच्याकडं राहायला आली. वाकायचं नाही, धुरात बसायचं नाही, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यातलं एकही तिला पटलेलं नव्हतं. लग्नानंतर लवकरच ती विधवा होऊन माहेरी परत आली होती. आजोबा आधीच गेलेले, त्याच सुमाराला आजीही वारली, अण्णा तेव्हा अगदी लहान होते. आत्यानंच त्यांना वाढवलं, शेत सांभाळलं, गड्यांना कामाला लावलं. उंच, काळीसावळी, हातात एक चांदीचं कडं. ती आली की घराचा कारभार आपोआप तिच्याकडं जायचा. कांदा असा नाही चिरायचा, भाकरी अशी नाही भाजायची, पोरींनी असं पाय पसरून नाही बसायचं. तिचा धाक अण्णांच्या धाकापेक्षा मोठा होता. एवढंच की ती ओरडत नसे. एका डोळ्यानं बघायची आणि तेवढं पुरायचं. ती घरात आल्यापासून अण्णांनी ताट फेकलं नव्हतं. आई मला हळूच म्हणाली होती, वन्सं आणखी चार महिने राहिल्या तर किती बरं होईल.

पण तो रविवार आलाच. आई तापानं फणफणली होती आणि स्वयंपाक शालूताईनं केला होता. ती तेव्हा लग्नाच्या वयाची झाली होती, सगळं येत होतं तिला, पण एकटीनं पूर्ण स्वयंपाक करायची पहिलीच वेळ. ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी. आमच्याकडं डाळी, धान्य आणि मसाला भाजून दळून येसर करून ठेवतात. ते पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीत सोडलं की घरभर असा वास सुटतो, की भूक नसलेला माणूसही पाटावर येऊन बसतो. अण्णा हसत हसतच येऊन बसले. आज आमच्या शालूच्या हातचं, असंही म्हणाले. भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा बदलला. ताईच्या हातून मीठ राहिलं होतं. मीठ कुठंय, एवढंच विचारलं त्यांनी, आणि उत्तर यायच्या आत ताट समोरच्या भिंतीवर गेलं. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर आमटीचा मोठा फराटा उमटला आणि खाली ओघळत फरशीवर आला. भाकरीचा अर्धा चतकोर उंबऱ्यापर्यंत गेला. शालूताई हातात पळी घेऊन तशीच उभी होती. तिच्या गालावर एक थेंब उडाला होता आणि तो पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

आवाज ऐकून आई अंथरुणातून उठून आली. हातात फडकं होतं. ते तिनं येता येता कुठून घेतलं असेल देव जाणे. ती खाली बसणार तेवढ्यात दाराशी टेकून बसलेली आत्या बोलली.

"इंदू, हात लावू नको."

आई थांबली. आत्या म्हणाली, "तू जाऊन नीज. पोरीहो, तुमी बी नाय. ज्यानं सांडलंय, त्यो उचलंल."

अण्णा उठले, मोरीवर हात धुतले आणि सदरा अडकवून बाहेर निघून गेले. ते बाहेरच काहीतरी खाऊन आले असावेत. संध्याकाळी परत आले तेव्हा ताट तसंच पालथं पडलं होतं, आमटी तशीच होती. त्यांनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

त्यानंतरचे दिवस मला फार लांबलचक आठवतात. आमची स्वयंपाकाची आणि जेवायची खोली एकच. तिला दाराची चौकट होती पण दार नव्हतं, त्यामुळं बाहेरच्या खोलीत बसलं तरी ती भिंत समोर दिसायची. शालूताई केर काढताना तेवढी जागा सोडून काढायची. आमटी वाळून तिची खपली झाली, कडेनं पिवळी, मध्ये तांबूस काळी. मुंग्यांनी मोरीपासून रांग लावली. लसणाचा तो सुंदर वास दुसऱ्या दिवशी आंबट झाला आणि मग नुसता कुबट. अण्णा सकाळी कोर्टात जाताना न जेवता जायचे, संध्याकाळी भिंतीकडं पाठ करून बसायचे. आत्यानं त्यांचं ताट बंद केलं नव्हतं. ते वाढलेलं असायचं, त्या खपलीच्या समोर, त्यांच्या नेहमीच्या जागी. त्यांनाच तिथं बसवत नव्हतं. ती त्यांना एका शब्दानं बोलली नाही. उलट रोज विचारायची, नारायणा, डोकं दुखतंय का, तेल लावू का. ते मान हलवायचे.

खरा त्रास झाला तो आईला. हे मी तेव्हा बघितलं आणि आजही विसरलेले नाही. अण्णांना धडा मिळत होता की नाही ते कळत नव्हतं, पण ताप उतरून उठलेली आई मात्र रोज त्या भिंतीसमोर स्वयंपाक करताना वाळत चालली होती. घाण तशीच ठेवायची तिच्या हाताला सवयच नव्हती. एकदा दुपारी आत्याचा डोळा लागलाय असं बघून ती ओलं फडकं घेऊन भिंतीपाशी गेली. आत्या झोपलेली नव्हती.

"वन्सं, मला नाही बघवत," आई म्हणाली. "मी पुसून टाकते. त्यांना काय, ते बाहेर जातात. मला दिवसभर इथंच बसायचंय."

"व्हय, तुलाच बघावं लागतंय," आत्या म्हणाली. "पण तू पुसलंस की त्याच्या लेखी काही झालंच नाय. इतकी वर्षं तसंच झालंय ना?"

आईनं फडकं परत ठेवलं. त्याच दिवशी रशीदाखाला तिच्या मुलाच्या साखरपुड्याचा शिरखुर्मा घेऊन आली होती. आत पाऊल टाकताच तिची नजर भिंतीवर गेली. तिनं वाडगं खाली ठेवलं, आईचा हात दाबला आणि म्हणाली, "भाभी, इस बार मशीन बहुत देर बंद रखना पडा मेरेकू." दोघी हसल्या. आईला त्या आठवड्यात हसताना मी तेवढंच बघितलं.

आणि त्यातच वैजापूरच्या पाहुण्यांचा निरोप आला. अण्णांच्या कोर्टातले एक जुने स्नेही मध्यस्थ होते. मुलाच्या वडिलांचं वैजापूरला कापसाचं नि कांद्याचं अडत दुकान, घरची शेती, मुलगा एकुलता एक आणि शिकलेला. अशी स्थळं आमच्यासारख्या कारकुनाच्या घरी चालत येत नसत. गुरुवारी ते सगळे शालूताईला बघायला येणार होते. अण्णा खूष झाले. कितीतरी दिवसांनी टाचा घासत घरी आले. मुलीचा बाप म्हणून काय काय करायचं ते त्यांनी भराभर सांगितलं आणि शेवटी, कुणाकडंच न बघता म्हणाले, घर आवरून ठेवा. काय आवरायचं ते सगळ्यांना कळलं. मला वाटलं, आता आत्या माघार घेईल. शालूताईच्या जन्माचा प्रश्न होता. आत्यानं पट्टी सारखी केली आणि विषय बदलला.

गुरुवारी अण्णांनी रजा टाकली होती. अंघोळ करून, पायजमा-बनियनवर ते आत आले तेव्हा आई शेवेचे लाडू वळत होती, शालूताई नवी साडी नेसून कोपऱ्यात बसली होती, आत्या दाराशी, मी तिच्याजवळ. भिंत होती तशीच होती. पाहुणे यायला अजून वेळ होता.

"अजून तसंच?" अण्णा आईला म्हणाले. "ऊठ, पुसून घे आधी."

आईनं हातातला लाडू परातीत ठेवला, पदराला हात पुसले आणि मान खाली ठेवूनच म्हणाली, "मी नाही पुसणार."

मी तिच्या तोंडून अण्णांना 'नाही' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. तिचा आवाज इतका बारीक होता की मी तिच्याकडं बघत नसते तर मला कळलंही नसतं. पण अण्णांना नीट ऐकू गेला. मी खुंटीवरच्या छडीकडं बघितलं. ते तिकडं गेले नाहीत, आत्याकडं वळले. म्हणाले, आक्का, हे तू शिकवलंस हिला. आत्या म्हणाली, व्हय. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना घरात कधी ऐकलं नव्हतं.

"आणि मला कुणी शिकवलं, आक्का? अंबाडीची भाजी नको म्हणालो की ताट अंगणात कोण फेकत होतं? मातीतून वेचून खाल्लंय मी. तू वर उभी राहून बघत होतीस. अन्नाची किंमत कळली पाहिजे म्हणायचीस."

मला वाटलं आत्या आता खवळणार. पण ती बराच वेळ आपल्या हातातलं चांदीचं कडं फिरवत राहिली.

"व्हय, फेकलं म्या," ती म्हणाली. "आपला बाप फेकायचा, तेच बघितलेलं. आई गेली तवा मी तरी केवढी व्हते? मला वाटलं, धाकात ठेवलं तर पोरगं वाया जायचं नाय. नाय गेलास वाया. शिकलास, नोकरीला लागलास, लोक मान देतात. मी गावात सांगत फिरले, माझ्या हाताखाली तयार झालाय म्हणून." मग तिनं भिंतीकडं मान वळवली. "मग हे बी माझ्याच हाताखालचं आहे, नारायणा."

ती उठली. फडकं घेतलं, लोट्यात बुडवलं आणि भिंतीपाशी जाऊन वाकली. पट्टीमुळं तिला अंदाज येत नव्हता. फडकं खपलीच्या बाजूला कोऱ्या चुन्यावरच फिरत होतं. दुसऱ्या हातानं तिनं भिंत चाचपली. अण्णा थोडा वेळ नुसते बघत राहिले. मग पुढं झाले आणि तिचं मनगट धरलं. डोळ्याला ताण येईल, दे इकडं, असं म्हणून त्यांनी फडकं काढून घेतलं आणि पायजमा गुडघ्यापर्यंत सारून खाली बसले.

अण्णांनी जन्मात कधी काही पुसलेलं नव्हतं. कोरडंच घासायला लागले. शालूताई कोपऱ्यातून म्हणाली, आधी भिजू द्या अण्णा, मग निघेल. त्यांनी तिचं ऐकलं. पाणी मारलं, थांबले, मग उलथन्यानं हळू हळू खरवडायला लागले. चुन्याचे पोपडेही निघायला लागले. आमटी निघाली पण पिवळा डाग राहिला, आणि डाग घासता घासता तो आणखी पसरला. त्यांच्या कोपरापर्यंत पिवळे ओघळ आले. मी पाणी आणून देत होते, आत्या बसल्या जागेवरून सांगत होती, आई परत लाडू वळायला लागली होती पण एकही लाडू नीट गोल होत नव्हता. आणि त्याच वेळी बाहेरून मध्यस्थांची हाक आली. पाहुण्यांना लवकरची मोटार मिळाली होती.

आई धावत अण्णांच्या हातातलं फडकं घ्यायला गेली. त्यांनी दिलं नाही. खरं तर उठून आत कपडे बदलायला त्यांना वेळ होता, निदान पायजमा खाली ओढायला तरी होता. पण ते तसेच बसून राहिले. बाहेरच्या खोलीत मुलाचे वडील टोपी काढून बसले आणि समोरच्या चौकटीतून त्यांना आमचे अण्णा दिसले, बनियनवर, फरशीवर, हातात उलथनं. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, काय हो, आज रजा घेऊन हेच काम का? अण्णा काहीही सांगू शकले असते. पातेलं कलंडलं म्हणाले असते तरी चाललं असतं.

"रविवारी रागात मी ताट फेकलं होतं," ते म्हणाले. "ते पुसतोय."

मध्यस्थ खाली बघायला लागले. मुलाचे वडील आणखीच हसले. अहो, मग त्याला तुम्ही कशाला, घरात एवढ्या बायका आहेत की, असं म्हणाले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी फडकं पिळलं आणि शांतपणे म्हणाले, बायकांनी नव्हतं फेकलं. मग हातपाय धुऊन, सदरा घालून ते बाहेर जाऊन बसले आणि बोलणी रीतीप्रमाणं सुरू झाली.

मुलाची आई आत आली. ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या, अंगावर भारी इरकली. आईनं दिलेलं पाणी ती उभ्यानंच प्याली. तिची नजर त्या ओल्या, पोपडे गेलेल्या भिंतीवरून हलेना. पेला परत देताना ती आईच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "आमच्याकडं अशा लई भिंती आहेत. दर दिवाळीला चुना देऊन घेतो." पुढं काही नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला, ताईचं नाव विचारलं, लाडू छान झालेत म्हणाली आणि बाहेर जाऊन नवऱ्याच्या मागं बसली. आई पेला हातात धरून तिथंच उभी राहिली.

लोक मला विचारतात, म्हणजे आत्याच्या कडकपणानंच तुमचे वडील सुधारले ना? मग तुम्ही कडकपणाच्या विरुद्ध कशा? मी सांगते, आत्या अण्णांशी दोनदा कडक वागली. पहिल्यांदा ते लहान होते, उपाशी होते आणि तिच्याशिवाय त्यांना कुणी नव्हतं. तेव्हा ते जे शिकले ते आमच्या घरानं वर्षानुवर्षं फरशीवरून गोळा केलं. दुसऱ्यांदा तिनं त्यांना ना उपाशी ठेवलं, ना चारचौघांत बोलली. फक्त जे झालं ते झाकू दिलं नाही, आणि पाळी आली तेव्हा स्वतःचा वाटा उचलायला स्वतः वाकली. माझी खात्री आहे, ती वाकली नसती तर ती भिंत आणखी महिनाभर तशीच राहिली असती आणि अण्णांनी फार तर घर बदललं असतं. पण ती त्याआधी अडून बसली नसती, तर तो गुरुवारही आला नसता, हेही तितकंच खरं. त्या अडून बसण्याची किंमत आईनं मोजली, तिला कुणी विचारलंही नव्हतं, याबद्दल मी आत्याला पुढं एकदा बोललेही. ती म्हणाली, खरं हाय तुझं. आत्यासारखी बाई एवढं म्हणते यातच मला सगळं आलं.

अण्णांचा राग काही गेला नाही. तो त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत राहिला. पण नंतर कधी जेवताना चेहरा बदलला तर ते ताट हातानं पुढं सरकवायचे, उठून अंगणात जायचे, दोन फेऱ्या मारायचे आणि परत येऊन बसायचे. छडी एक दिवस खुंटीवर दिसेनाशी झाली. कुणी काढली ते आम्ही विचारलं नाही. डोळ्याची पट्टी निघाल्यावर आत्या करमाडला गेली. जाताना आईला हाताला धरून घेऊन गेली आणि आई लग्नानंतर पहिल्यांदा आपल्या मर्जीनं चार दिवस कुठंतरी राहून आली. तेवढे दिवस आम्ही तिघांनी अण्णांच्या हातची करपलेली खिचडी खाल्ली.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. पाहुणे गेल्यावर चार-आठ दिवसांत वैजापूरहून होकार आला. मुलगी पसंत, देण्याघेण्याचा आग्रह नाही. सगळ्यांनी अण्णांचं अभिनंदन केलं. आईनं मात्र संध्याकाळी, अण्णा चहा पीत असताना, त्या बाईचं ते वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगितलं, आणि पुढं म्हणाली की शालूला मी त्या घरात देणार नाही. अण्णांनी बशी खाली ठेवली. दुकान, शेती, एकुलता मुलगा. ते उठून अंगणात गेले. शालूताई आणि मी आतून त्यांच्या चपलांच्या आवाजासाठी कान लावून होतो. पण त्या दिवशी ते अनवाणी होते आणि आम्हाला काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन गुलमंडीवर गेले. माझ्या शाळेच्या पोशाखाचं कापड घ्यायचं होतं. दुकानाच्या पायरीवरच ते मध्यस्थ भेटले. आनंदात होते. बैठक कधी ठरवायची, त्यांनी विचारलं. दुकानात ओळखीचे चार-पाच लोक बसलेले, मालक कापडाचं ठाण उलगडत होता. अण्णा म्हणाले, आमच्याकडून नकार आहे. मध्यस्थांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी कारण विचारलं. अण्णांनी माझा हात धरलेला होता. तो त्यांनी थोडा घट्ट धरला.

"मुलीच्या आईला पसंत नाही," ते म्हणाले.

दुकानात दोघं-तिघं हसले. मध्यस्थही हसले, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, अहो, बायकांचं काय घेऊन बसलात, तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा.

"तेच सांगतोय," अण्णा म्हणाले, आणि कापडाचा भाव विचारायला लागले.